आधी पाणी, मग पाया

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक,
सातारा नगरपालिका, सातारा.



सातारकर पत्ता सांगतो तो पाण्यावरून. कमानी हौदाच्या पुढे, पंचपाळी हौदाच्या अलीकडे, मंगळवार तळ्याच्या वरच्या अंगाला, मोती तळ्यापाशी, फुटक्या तळ्याच्या मागे. रिक्षावाल्याला एवढे सांगितले की पुरते. शहरात पाणी कुठून येते, कुठे थांबते आणि कुठून पुढे जाते, याचा हा तोंडी नकाशाच आहे. ही नावे अजून रोज आपल्या तोंडात असतात, पण घर बांधायला काढले की ती कुणाला आठवत नाहीत. त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचे आहे.

मी वास्तुरचनाकार आहे. गेली बावीस वर्षे याच जिल्ह्यात घरांचे, दवाखान्यांचे, मंगल कार्यालयांचे नकाशे करते. तक्रार मांडण्याआधी स्वतःची चूक सांगते. काही वर्षांपूर्वी एका तीन मजली इमारतीच्या नकाशात मी पावसाच्या पाण्याचा खड्डा काढला होता, कारण नियमात तो होता. पुढच्या पावसाळ्यात सहज तिथून जाताना पाहिले, तर स्लॅबवरून उतरणारा पाइप थेट गटारात सोडलेला होता. खड्ड्याच्या जागी फरशी घालून दुचाक्या लावल्या होत्या. मी थांबले, पाहिले आणि निघून आले. मालकाला विचारले नाही, कारण माझे काम संपले होते आणि पैसेही मिळाले होते. त्या पाइपातून भळाभळा गटारात जाणारे पाणी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. कागदावरचा तो खड्डा माझ्या सहीचा होता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ले बांधण्याचे नियम आले आहेत. त्यातला पाण्याचा नियम प्रत्येक वास्तुकला महाविद्यालयाच्या दारावर लिहावा असा आहे. त्याचा आशय साधा आहे. जागा ठरवताना आधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि ती जागा सोडताही येत नसेल, तर खडक फोडून तळी-टाकी करावीत. एखादा झरा आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या हादऱ्याने झरे कमी होतात. म्हणून जास्तीचा साठा हवाच. आपल्या काळात तोफांच्या जागी वीज गेल्याने बंद पडलेला पंप, फुटलेली जलवाहिनी आणि पाऊस लांबलेला जून ठेवून पाहा. नियम तीनशे वर्षांचा झाला, तरी त्यातले एक अक्षर बदलायची गरज पडत नाही.

हा नियम आपल्या डोंगरांवर कोरलेला आहे. गडावर तटासाठी दगड काढायचा आणि दगड काढून झालेल्या खड्ड्याचेच टाके करायचे, ही सह्याद्रीतली जुनी रीत. भिंत उभी राहत असतानाच पाण्याची सोय होत गेली. अजिंक्यताऱ्यावर चढणारा कुणीही ही तळी पाहून येतो. खाली शहर वसले तेव्हा महादरे आणि यवतेश्वराच्या अंगाने पाणी अडवले गेले, खापरी नळांनी ते पेठांतल्या हौदांपर्यंत आणले गेले. पुढे इंग्रज अमदानीत कासचा तलाव झाला आणि पंचवीसेक किलोमीटरवरून पाटाने पाणी शहरात उतरले. कास शहरापेक्षा कितीतरी उंचावर आहे, त्यामुळे तिथले पाणी स्वतःच्या उतारानेच खाली येते. उरमोडीवरची शहापूर योजना पंपांवर चालते, वीज गेली की तिचे पाणी थांबते. अलीकडे कासची उंची वाढवली गेली आणि साठा कित्येक पटींनी वाढला, याचा मला आनंद आहे. पण २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, शाहूनगर, विलासपूर असा मोठा भाग शहरात आला. नळ वाढत राहतील, तलावाची उंची दर पिढीला वाढवता येणार नाही.

आपल्यापासून थोड्याच अंतरावर लिंब गावात बारा मोटांची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या वर्षांत ती बांधून घेतली. एकशे दहा फूट खोल आणि पन्नास फूट रुंद असे तिचे माप सांगतात. नावात बारा असले तरी पंधरा मोटा चालवण्याची सोय असलेली ही विहीर आमराईला पाणी पुरवत असे. विद्यार्थ्यांना तिथे नेते तेव्हा मी त्यांना कोरीव कामाच्या आधी पायऱ्या पाहायला सांगते. पाणी जसजसे खाली जाते, तसतसा माणूस पायऱ्यांनी त्याच्यामागे जाऊ शकतो. किती पाणी उरले, हे उतरणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. वर मोटा चालतात, मध्ये बसायला गार महाल आहे, खाली पाणी आहे. शेती, विसावा आणि साठा एकाच दगडी वास्तूत बसवले आहेत. आज आपण विहिरीवर सिमेंटचे झाकण घालतो, वर टाकी चढवतो आणि खाली काय उरले आहे हे मोटर कोरडी फिरू लागल्यावरच कळते.

मोठ्या विहिरींइतकेच मला साध्या वाड्यांनी शिकवले. उतरत्या कौलांच्या पागोळ्या पन्हळीत पडत, पन्हळीचे पाणी चौकातल्या हौदात किंवा आडात जाई. न्हाणीघराच्या मोरीचे पाणी मागच्या परसात सोडलेले असे आणि तिथे कर्दळ, अळू, केळ हमखास. आजीला विचारले असते तर ती एवढेच म्हणाली असती की ही झाडे पाण्याची आहेत. आज सांडपाणी शुद्धीकरणाचे संशोधन करणारे लोक खडीच्या वाफ्यात कर्दळ लावतात, कारण तिच्या मुळांभोवती सूक्ष्मजीवांना राहायला जागा आणि हवा मिळते, आणि ते पाण्यातली घाण खातात. परसातली ती कर्दळ हेच काम कुणाच्या लक्षात न येता करत होती.

आता आजच्या घराचा हिशेब मांडते. शंभर चौरस मीटरचा स्लॅब धरा. साताऱ्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्या एका स्लॅबवर वर्षाला १ लाख लिटर पाणी पडते. पहिल्या सरीचे सोडून द्यायचे, सांडणारे आणि वाफ होणारे असे वीस टक्के वजा केले तरी ८० हजार लिटर उरतात. माणशी दिवसाला १३५ लिटर या शहरी मापाने चौघांच्या घराला ५४० लिटर लागतात. ते ८० हजार लिटर जवळजवळ १४८ दिवसांचे पाणी झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. साताऱ्यातल्या अशा पाच स्लॅबवर वर्षभरात एवढेच पाणी पडते आणि आपण ते गटारात सोडतो.

कुणी म्हणेल, पाऊस चार महिन्यांचा, साठवणार कुठे? प्रश्न योग्य आहे. गाडी लावायच्या जागेखाली अडीच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाके केले तर १० हजार लिटर मावतात. हे पाणी मे महिन्यापर्यंत पुरणार नाही. पण जून ते सप्टेंबर ते पुन्हा पुन्हा भरेल. नेमक्या याच महिन्यांत नदीचे पाणी गढूळ होते, तुरटी जास्त लागते, नळाला लाल पाणी आल्याच्या तक्रारी वाढतात. त्या चार महिन्यांत धुणे, भांडी, फरशी आणि संडास यांचे पाणी घराने स्वतःच्या स्लॅबवरून घेतले, तर तुमच्या पंपांवरचा आणि शुद्धीकरण केंद्रावरचा भार कमी होईल.

मे महिन्यासाठी पाणी जमिनीत मुरवावे लागते, आणि इथे घाई करून चालत नाही. आपण काळ्या पाषाणावर राहतो. लाव्हाच्या थरांचा हा खडक वाळूसारखे पाणी पीत नाही. वरचा मुरूम, खडकातल्या भेगा आणि दोन थरांमधली सांध, एवढ्याच जागी पाणी शिरते आणि टिकते. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जिथे हातभर खाली कातळ लागतो, तिथे शोषखड्डा केला तर तो दोन पावसांत तुडुंब भरतो आणि पाणी शेजाऱ्याच्या घराच्या पायात शिरते. तिथे टाकेच बरे. खालच्या अंगाला, जिथे मुरूम खोल आहे आणि जुनी विहीर आहे, तिथे स्लॅबचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून त्या विहिरीत सोडावे. काळ्या मातीत खड्डा पायापासून दूर ठेवावा, कारण ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यात भिंतींना तडे जातात. सगळ्या शहराला एकच छापील आकृती देऊन हे काम होणार नाही. उतार, खडक आणि विहिरी यांचा विचार करून पेठनिहाय नियम करावा लागेल.

आता नियमाकडे येते. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, म्हणजे सक्ती जवळपास पाच गुंठ्यांपासून सुरू होते. तुम्ही आणि मी दोघेही जाणतो की साताऱ्यातला नोकरदार माणूस दीड-दोन गुंठ्यांत घर बांधतो. फार तर तीन. नव्या वसाहतींमधली ओळीच्या ओळी बसलेली घरे या नियमाच्या बाहेर राहतात. एकेका घराचे पाणी थोडे वाटते. पण गल्लीभर स्लॅब आणि त्यांच्यामध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत बसवलेले पेव्हिंग ब्लॉक यांचे पाणी एकत्र झाले की तासाभराच्या पावसात रस्त्याचा ओढा होतो. हे पाणी आधी अंगणात मुरत होते. आता ते चिखल होऊ नये म्हणून घातलेल्या फरशीवरून शेजारच्याच्या दारात जाते.

वापरण्याच्या बाजूचा धडा आपल्याच जिल्ह्यात आहे. कराडला लागून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणी देऊन दाखवले आणि त्याचे देशभर कौतुक झाले. त्यांनी प्रत्येक नळाला मीटर बसवला आणि जितका वापर तितके बिल, जास्त वापराला चढा दर असे ठेवले. सातत्याने पाणी दिले तर लोक जास्त उधळतील, ही भीती तिथे खोटी ठरली. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी पाणी येते, तेव्हा आपण काय करतो ते आठवा. कालचे पाणी शिळे म्हणून ओतून टाकतो आणि हंडे, पिंपे, बादल्या पुन्हा भरतो. शिवाय नळ रिकामे राहिले की भेगांतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळात कायम दाब असला की ही दोन्ही संकटे टळतात. घराची रचनाही बदलते. तीन हजार लिटरची टाकी डोक्यावर उभी करण्यासाठी खांब जाड करावे लागत नाहीत.

आणि सांगलीबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. संगम माहुलीला वेण्णेला पोटात घेऊन कृष्णा इथून पुढे कराड, मग सांगलीला जाते. सांगलीच्या आयर्विन पुलावर ४५ फुटांची धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही सांगलीकर विसरलेले नाहीत. साताऱ्याच्या स्लॅबवरचे पाणी अडवून सांगलीचा पूर थांबेल, असे मी म्हणणार नाही. तो घाटातल्या पावसाचा, धरणांच्या विसर्गाचा आणि नदीकाठच्या बांधकामाचा प्रश्न आहे. पण सांगलीतल्या शामरावनगरसारख्या सखल भागात पाणी साचून राहते, त्याचे कारण नदीइतकेच शहराच्या पोटात आहे. नैसर्गिक नाले बुजले, खोलगट जागा भरून घरे झाली आणि पाण्याला जायला वाट उरली नाही. साताऱ्यातले ओढे अजून पुरते बुजलेले नाहीत. सांगली जे पैसे मोजून आणि माणसांचे हाल सोसून शिकली, ते आपण आज नुसते पाहून शिकू शकतो.

सांगली जिल्ह्याच्याच खानापूर तालुक्यात येरळेवर बळीराजा धरण उभे राहिले, तेही इथे सांगावेसे वाटते. १९८० च्या दशकात दुष्काळाने गांजलेल्या बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून पैसे उभे केले, लोकचळवळीने साथ दिली आणि के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने आपले ज्ञान गावाच्या हवाली केले. आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने २०१६ मध्ये जलसंधारणाच्या स्पर्धेतला पहिला वॉटर कप जिंकला, तोही श्रमदानाने. या गावांत माणसांनी आधी आपल्या शिवाराचा उतार ओळखला. आम्हा शहरातल्या लोकांना आपल्या गल्लीचा उतार सांगता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे काही मागण्या आहेत.

बांधकाम परवानगीच्या अर्जात दोन प्रश्न घाला: या घराचे पाणी कुठून येणार, आणि वापरून झाल्यावर कुठे जाणार? अर्धा गुंठा असो की पाच, उत्तर नकाशावर रेघेने दाखवावे लागेल. राज्याच्या नियमापुढची सक्ती तुम्हाला करता येत नसेल, तर सवलत देता येते. पुणे महापालिका पावसाचे पाणी साठवणाऱ्यांना मालमत्ता करात सूट देते. तशी सूट इथे ठरवा, पण ती कागदावर न देता पावसाळ्यात पाइप कुठे उतरतो हे पाहून द्या.

शहरातल्या जुन्या जलव्यवस्थेची पाहणी करा. हौद, तळी, आड, विहिरी, खापरी नळ आणि त्यांच्यामधले उतार यांचा एक नकाशा तयार करा आणि तो पालिकेत सर्वांना पाहता येईल असा लावा. पुण्यात कात्रजच्या जुन्या नळांचा आणि उच्छ्वासांचा, म्हणजे हवा सुटण्याच्या मनोऱ्यांचा, अभ्यास झाला. साताऱ्याच्या पाण्याचाही झाला पाहिजे. कराडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली आणि आसपासची वास्तुकलेची मुले दोन पावसाळ्यांत हे काम करतील. मी त्यांच्याबरोबर उन्हातान्हात फिरेन. रस्ता खणताना खापरी नळाचा तुकडा निघाला, तर तो राडारोड्यात जाऊ नये.

पालिकेच्या इमारतींपासून सुरुवात करा. शाळा, दवाखाने, सभागृहे आणि बाजारपेठा यांचे स्लॅब मोठे आहेत. शाळेच्या स्लॅबवरचे पाणी टाक्यात पडताना मुलांना काचेच्या खिडकीतून दिसले, तर लिंबच्या विहिरीच्या पायऱ्यांचा अर्थ त्यांना एका पावसात कळेल. बागांना बोअरचे पाणी देणे थांबवून शेजारच्या घरांचे न्हाणीचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून द्या.

आणि ओढ्यांच्या काठाला हात लावू नका. नव्या हद्दीतल्या ओढ्यांची रुंदी मोजून सात-बाराच्या उताऱ्यासारखी नोंदवून ठेवा. आज काठावर भराव टाकायला परवानगी मागणारा माणूस परका नसेल, आपल्यातलाच कुणी असेल. त्याला नाही म्हणणे अवघड आहे, हे मी जाणते. तरीही म्हणा.

मी माझ्या बाजूचे वचन लिहून देते. यापुढे माझ्या सहीने येणाऱ्या प्रत्येक नकाशात या दोन प्रश्नांची उत्तरे असतील, मग भूखंड कितीही लहान असो. पहिल्या पावसाळ्यात मी त्या घरी जाऊन पाइप पाहीन आणि तो गटारात गेला असेल तर यावेळी मालकाशी बोलल्याशिवाय परत येणार नाही. त्या तीन मजली इमारतीलाही मी पुन्हा भेट देणार आहे. खड्डा आजही खणता येतो, फक्त दुचाक्या थोड्या बाजूला लावाव्या लागतील.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल, त्या दिवशी अर्धा तास सवड काढा. राजवाड्यावरून निघून कमानी हौदापर्यंत चालत या आणि पाणी कुठून येते, कुठे वळते, कुठे तुंबते हे आपण सगळे मिळून पाहू. छत्री मी आणेन, नकाशाही आणेन.

आपली नम्र,
साताऱ्यातील एक वास्तुरचनाकार